रक्तातले जागले आणि त्यांच्या अंगावरच्या खुणा

आज खरं तर हिमोग्लोबिनवर बोलायचं ठरलं होतं. ते पुढच्या बुधवारी. आमच्या गटाच्या गेल्या बैठकीत एक गोष्ट घडली आणि ती डोक्यातून जात नाही, म्हणून आज तिच्यावरच बोलते.

बैठकीत एका मैत्रिणीने 60 हजारांच्या अंतर्गत कर्जाची मागणी केली. तिचं नाव सांगणार नाही, आणि ओळखलंत तरी बोलू नका. तिची तीनदा पोटं पडली आहेत. तिघंही अडीच-तीन महिन्यांच्या आतली. नवरा-बायको शहरातल्या एका दवाखान्यात जाऊन आले, तिथे एक महागडी रक्ततपासणी झाली. रिपोर्टवर एका आकड्याला बाण काढलेला, आकडा ठळक: ‘एनके पेशी, 18 टक्के’. एनके म्हणजे नॅचरल किलर. किलर म्हणजे मारणारा, हे आता आपल्याकडे पोरासोरांना कळतं. तिला सांगितलं गेलं की या पेशी जास्त आहेत, त्या गर्भाला टिकू देत नाहीत, त्यांना दाबायला सलाईन आणि गोळ्या घ्याव्या लागतील. घरी आल्यावर सासूबाईंनी त्याचा अर्थ एका वाक्यात लावला: “म्हंजी हिचंच रगत लेकराला खातंय.”

बैठकीत ती हे वाक्य सांगताना रडली नाही. खाली बघून कर्जाचा अर्ज नीट घडी करत राहिली.

मी 22 वर्षं तालुक्याच्या लॅबमध्ये रक्त काढते आणि तपासते. मी डॉक्टर नाही. पण तो रिपोर्ट हातात घेतला आणि मला वाटलं, या एका आकड्यावर 60 हजार आणि एका बाईची अब्रू, दोन्ही टांगलेली आहेत. तेव्हा हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते आधी समजून घेऊ.

रक्तात तांबड्या पेशी असतात तशा पांढऱ्या असतात, हे आपण मागे बोललो. त्या पांढऱ्यांमध्ये लिम्फोसाइट नावाची एक जात आहे. शंभर लिम्फोसाइट मोजल्या तर त्यांत साधारण 5 ते 15 या एनके पेशी निघतात. हा आकडा लॅबप्रमाणे थोडा मागे-पुढे होतो. नाव पडलं 1975 साली. स्वीडनमध्ये स्टॉकहोमला रॉल्फ किसलिंग आणि त्यांचे सहकारी उंदरांवर काम करत होते. त्यांना दिसलं की काही पेशी कॅन्सरच्या पेशींना मारतात, आणि तेही आधी काही शिकवलेलं नसताना, लस दिलेली नसताना, पहिल्याच भेटीत. म्हणून ‘नैसर्गिक मारक’. त्याच सुमारास अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांच्याही हे लक्षात आलं. नाव चिकटलं ते चिकटलंच. माझं मत विचाराल तर हे नाव ठेवताना कुणाला वाटलंही नसेल की पुढे ते एखाद्या सुनेच्या कपाळी लागेल.

मी या पेशींना जागल्या म्हणते. पूर्वी गावात रात्री जागल्या फिरायचा. तो दिसेल त्याला काठी मारत नसे, आधी ओळख बघायचा. या पेशींचंही तसंच आहे. आपल्या गाई-बैलांच्या कानात पिवळा बिल्ला असतो ना, बारा आकड्यांचा? तसा आपल्या अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर एक बिल्ला असतो, त्याला एचएलए म्हणतात. जागल्या पेशी जवळ येते, बिल्ला चाचपते. बिल्ला जागेवर असेल तर पुढे जाते. काही विषाणू पेशीत शिरले की हा बिल्लाच लपवतात, कॅन्सरच्या पेशीही कधी कधी तो टाकून देतात. म्हणजे दुसऱ्या राखणदारांना त्या दिसू नयेत. पण बिल्ला नाही हेच पाहून आपली जागल्या सावध होते. स्वीडनच्याच क्लास कॅरे यांनी ही गोष्ट मांडली. जे असायला हवं ते नाही, हीच धोक्याची खूण. कळपातल्या एका गाईच्या कानात बिल्ला दिसला नाही की गुराख्याची नजर तिथेच अडते, तसं.

या पेशी नसतील तर काय होतं? 1989 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका किशोरवयीन मुलीची हकीकत छापली. तिच्या रक्तात एनके पेशीच नव्हत्या. कांजिण्या, ज्या आपल्या पोरांना येतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत जातात, त्या तिला जिवावर बेतल्या. त्याच घराण्यातले दुसरे विषाणूही तिला पुन्हा पुन्हा गाठत राहिले. तेव्हा ‘किलर’ ऐकून घाबरू नका. हे जागले आहेत म्हणून आपण रात्री झोपतो.

आता खुणांकडे येऊ. रिपोर्टवर लिहिलेलं असतं सीडी 3, सीडी 16, सीडी 56. ही गाण्याची सीडी नव्हे. एआरटी सेंटरला जाणाऱ्या आपल्या काही मैत्रिणींना ‘सीडी 4’ हा शब्द पाठ आहे, ही त्याच घराण्यातली नावं. पेशीच्या अंगावर जे निरनिराळे प्रथिनांचे कण बाहेर डोकावतात, गोंदणाच्या ठिपक्यांसारखे, त्यांना हे क्रमांक दिले आहेत. का दिले, त्याची गंमत आहे. प्रत्येक प्रयोगशाळा एकाच ठिपक्याला आपापलं नाव द्यायची. आपलं नाही का, माहेरची सुमन, सासरची सुनंदा, आणि रेशनकार्डावर तिसरंच काहीतरी. मग बँकेत गेलं की साहेब म्हणतो या तीन बायका आहेत. तसा गोंधळ व्हायला लागला. तेव्हा 1982 साली पॅरिसला शास्त्रज्ञ एकत्र बसले आणि क्रमांक लावायला सुरुवात झाली.

तपासणी अशी होते. जांभळ्या टोपणाच्या बाटलीत रक्त घेतात. त्यात रंग लावलेली अँटीबॉडी घालतात. प्रत्येक अँटीबॉडी एकाच खुणेला जाऊन चिकटते. मग यंत्रातून पेशी एकेक करून बारीक धारेत सोडतात, वर लेझरचा झोत. ज्या पेशीला रंग चिकटला ती चमकते, यंत्र मोजतं, एका सेकंदाला हजारो पेशी. आमच्या तालुक्यात हे यंत्र नाही, नमुना मोठ्या शहरात पाठवावा लागतो. एनके पेशी ओळखायची रीत साधी आहे: अंगावर सीडी 3 नसावा, कारण तो दुसऱ्या जातीचा, टी पेशींचा आहे, आणि सीडी 56 असावा. एवढ्यावर एनके ठरते आणि टक्केवारी छापली जाते.

पण सगळ्या एनके पेशी एका वयाच्या, एका कामाच्या नसतात. माझं म्हणणं इथे सुरू होतं.

ज्वारी आठवा. रान नुसतं लांबून बघून आपण सांगतो, ही पोटरीत आहे, ही निसवली, ही हुरड्यात आली, ही काढणीला झाली. कुणी मोजमाप करत नाही, रंग आणि कणीस बघूनच कळतं. एनके पेशींचं तसंच आहे. अंगावरची एकेक खूण येते, एकेक जाते, त्यावरून तिचं वय कळतं. सुरुवात हाडांच्या मगजात. तिथे सीडी 34 नावाची खूण असते, ती मूळ बियाण्याची खूण म्हणा, तिच्यातून अनेक जातींच्या पेशी होऊ शकतात. पुढे घशातल्या टॉन्सिलमध्ये आणि मानेतल्या, काखेतल्या लसीकागाठींमध्ये त्यांची वाढ होते. तिथे सीडी 34 मावळते आणि सीडी 56 भरभरून येते. यंत्रात ती पेशी लख्ख चमकते. ही कोवळी एनके. हिच्याकडे मारण्याचा दारूगोळा थोडा. ही निरोप देण्यात पटाईत, म्हणजे अशी रसायनं सोडते की बाकीच्या पेशी जाग्या होतात.

मग ती पिकते तसा सीडी 56 चा चमकदारपणा उतरतो. हुरड्याचा हिरवा रंग उतरून दाणा पांढरा पडतो, तसं. आणि सीडी 16 ही नवी खूण येते. ही फार कामाची. विषाणूला आधीच अँटीबॉडी चिकटलेली असेल तर तिची शेपटी या सीडी 16 ने पकडता येते, आणि शत्रू सापडतो. आता दारूगोळाही भरपूर असतो: एक प्रथिन शत्रूच्या पेशीला भोक पाडतं आणि दुसरी आत शिरून तिला मरायला लावतात. रक्तातल्या शंभर एनके पेशींत नव्वदच्या आसपास अशा पिकलेल्या असतात, दहाएक कोवळ्या. गाठींमध्ये मात्र उलट, तिथे कोवळ्याच जास्त. अगदी जुन्या झालेल्यांच्या अंगावर सीडी 57 उमटते. जुन्या दाण्यासारख्या या, फारशा वाढत नाहीत, पिलावळ थोडी. पण मारायला तरबेज.

पिकण्याच्या याच काळात ब्रेकही बदलतात. कोवळ्या पेशीवर एनकेजी2ए नावाचा ब्रेक असतो. पुढे त्याच्या जागी किर नावाच्या खुणा येतात. ‘तो किर्र करतो’ असं लक्षात ठेवा, मी तसंच ठेवलं. एचएलएचा बिल्ला चाचपायचं काम यांचं. आणि मला फार आवडलेली गोष्ट ही, की ज्या पेशीची आपल्या अंगातल्या बिल्ल्याशी कधी ओळखच झाली नाही, ती पेशी जोर करत नाही, अर्धवट सुस्त राहते. गावातली माणसं ओळखल्याशिवाय जागल्याच्या हातात काठी देत नाहीत, असंच झालं ना हे.

आता गर्भाशयाकडे. तिथेही एनके पेशी आहेत, आणि थोड्या नाहीत. गर्भ राहिल्यावर पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरातल्या शंभर पांढऱ्या पेशींपैकी सत्तरच्या आसपास याच असतात. ऐकून धक्का बसतो. मूल जिथे रुजतं तिथेच जागल्यांची एवढी गर्दी? पण यांच्या अंगावरच्या खुणा बघा. सीडी 56 रक्तातल्या कोवळ्या पेशींपेक्षाही लख्ख. सीडी 16 जवळजवळ नाही. किर मात्र भरपूर, म्हणजे नुसती कोवळी म्हणूनही भागत नाही. आणि सीडी 9, सीडी 49ए अशा खुणा, ज्या रक्तातल्यांवर सहसा नसतात. म्हणजे ही वेगळीच जात झाली, त्या घरच्या मातीत वाढलेली. दर महिन्याला बीज सुटल्यावर त्यांची संख्या वाढते, आणि गर्भ राहिला नाही तर पाळीबरोबर अस्तर जातं तशा त्याही जातात.

त्या करतात काय? दारं धरतात. रात्रीच्या लाईटवर आपण शेतात दारं धरायला जातो, पाट कुठे फोडायचा, कुठे रुंद करायचा हे बघतो. त्यातलंच हे काम. गर्भाशयाच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या एरवी बारीक, पिळदार असतात. वारेला पुढे नऊ महिने रक्त लागणार, त्या बारीक पाटाने ते पुरणार नाही. म्हणून वारेच्या पेशी आईच्या भिंतीत शिरतात आणि त्या वाहिन्या मोकळ्या, रुंद करतात. त्यांना किती आत येऊ द्यायचं, पाट किती रुंद करायचा, यात या एनके पेशी हात लावतात. वारेच्या पेशींवरही बिल्ला असतो, त्यातला काही भाग बापाकडून आलेला. आईच्या पेशीवरची किर आणि बापाकडचा बिल्ला, यांची भेट तिथे होते. बाळाला त्या शिवतही नाहीत, त्यांची गाठ वारेशी.

आणि ही भेट नीट झाली नाही तर? केंब्रिजच्या अॅशली मॉफेट यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. पुढे युगांडातल्या कंपालाच्या डॉक्टर अॅनेट नाकिमुली त्यांच्याबरोबर होत्या, कारण तिथे गरोदरपणात बीपी वाढून, झटके येऊन बाया फार जातात. आपल्या आशाताई पाय सुजले का, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का विचारतात, तोच हा आजार. त्यांना दिसलं की काही बायांच्या किर अशा असतात की बापाकडच्या विशिष्ट बिल्ल्यासमोर या पेशींचा ब्रेकच जास्त दाबला जातो. अशा जोडीत हा आजार जास्त. आणि ज्या बायांकडे पेशीला चालना देणाऱ्या किर आहेत, त्यांना त्यापासून संरक्षण. हे 2015 साली त्यांनी आफ्रिकेतल्या मातांबद्दलही छापलं. म्हणजे इथे तक्रार पेशी जास्त काम करतात ही नाही. त्या कमी काम करतात, ही आहे.

आता तो 18 चा आकडा पुन्हा हातात घ्या. ते रक्त दंडातलं. दंडातल्या रक्तातल्या पेशी बहुतेक पिकलेल्या, सीडी 16 वाल्या. गर्भाशयातल्या वेगळ्या जातीच्या. वेशीवरच्या जागल्यांची डोकी मोजून माजघरात काय चाललंय ते कसं सांगणार? शिवाय हा आकडा हलता आहे. धावलं, धापा टाकल्या, भीती वाटली, की काही मिनिटांत रक्तातल्या एनके पेशी वाढतात आणि थोड्या वेळाने उतरतात. आमची मैत्रीण त्या दिवशी पहाटेची एसटी गाठायला शेतातून पळत गेली होती, शहरात जिने चढली, आणि सुई बघून तिचे हात गार पडले होते. हे तिने स्वतः सांगितलं. 18 यायला एवढं पुरतं असं मी म्हणत नाही. पण त्यावर बाण काढण्याआधी कुणीतरी तिला पाच मिनिटं बसायला सांगायला हवं होतं.

कुणी म्हणेल, मग गर्भाशयातलाच तुकडा तपासू. तिथेही तेच, पाळीच्या कुठल्या दिवशी घेतला त्यावर आकडा बदलतो. युरोपातल्या वंध्यत्व आणि गर्भतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 साली, आणि 2022 च्या सुधारित मार्गदर्शनातही हेच सांगितलं: पुन्हा पुन्हा गर्भपात होणाऱ्या बाईची एनके तपासणी करा असं म्हणण्याइतका पुरावा नाही, रक्ताचीही नाही आणि अस्तराचीही नाही. जे सलाईन सुचवलं होतं ते सोयाबीनचं तेल आणि अंड्यातला स्निग्ध भाग यांचं असतं. ज्यांना तोंडाने खाता येत नाही अशा रोग्यांच्या पोषणासाठी ते बनलं. गोळ्या स्टिरॉइडच्या, त्यांनी साखर आणि बीपी वाढू शकतं. कुणाला हे आधीच चालू असेल तर माझं ऐकून एकदम बंद करू नका, स्टिरॉइड तर मुळीच नाही, डॉक्टरांना विचारा. काय विचारायचं तेही सांगते: ही तपासणी नसती केली तर तुम्ही दुसरं कुठलं कारण शोधलं असतं?

कारण दुसरी कारणं खरोखर असतात. लवकरच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भातच गुणसूत्रांची गडबड असते. तो दोष कुणाचा नसतो, आईच्या रक्ताचा तर नाहीच. उरलेल्यांत थायरॉइड, साखर, गर्भाशयाचा आकार, आणि एक महत्त्वाचं, ज्यात रक्तात अशा अँटीबॉडी असतात की रक्त गोठायची सवय लागते. या शेवटच्याला औषध आहे, आणि ते महाग नाही.

बैठकीत हे मी एवढं नीट सांगितलं नाही. अर्धं सांगितलं, तेवढ्यात दोघी म्हणाल्या की डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं का. बरोबर होतं त्यांचं. म्हणून असं ठरलं की कर्ज नामंजूर करायचं नाही, थांबवायचं, आणि आधी तिने जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवायचं. मी सोबत गेले. तिथल्या बाईंनी एनकेचा कागद बाजूला ठेवला आणि तिन्ही वेळची हकीकत पहिल्यापासून विचारली. थायरॉइड ठीक निघालं, साखर ठीक. रक्त गोठवणाऱ्या अँटीबॉडी मात्र सापडल्या. पण एकदा सापडून चालत नाही. साध्या तापानेही त्या तात्पुरत्या वाढतात, म्हणून 12 आठवड्यांनी पुन्हा बघावं लागतं. तेव्हाही निघाल्या तर पुढच्या खेपेला ॲस्पिरिनची बारीक गोळी आणि हेपॅरिनची इंजेक्शनं, डॉक्टरांच्या देखरेखीत. नाही निघाल्या तर पुढचा शोध.

सासूबाईंना मी घरी जाऊन जागल्याची गोष्ट सांगितली, दारं धरण्याचीही. त्या बराच वेळ तांदूळ निवडत बसल्या. मग म्हणाल्या, “मग त्ये किलर कशाला म्हंत्यात?” मी 1975 सालची स्टॉकहोमची हकीकत सांगितली. त्यांना ती काही फारशी पटली नाही. पण दुसरा नमुना द्यायला त्या स्वतः सुनेबरोबर जाणार आहेत.

गटाने 60 हजारांऐवजी 4 हजार दिले, तपासणी आणि गाडीभाड्याला; इतिवृत्तात तशी नोंद आहे. 12 आठवडे दसऱ्यानंतरच्या सोमवारी भरतात. पुढच्या बुधवारी हिमोग्लोबिन, येताना लोहाच्या गोळ्यांचं पाकीट हाताशी ठेवा.